एकतीस सेकंदांची कॉलर

"सर, जरा सरका की. माझा उजेड अडतोय."

संजीवनीनं मान वर केली नाही. मागं कोण उभं आहे हे वळून बघायची तिला गरज नव्हती. चार वर्षांत तिची पाठ शहाणी झाली होती. सुपरवायझर असला तर आधी माव्याचा वास यायचा, आणि मॅनेजर असले तर वासाच्या आधी शिवी. आता यातलंच काहीतरी येणार म्हणून तिनं खांदे आवळून धरले.

"सॉरी हं... लक्षातच आलं नाही माझ्या."

आणि उजेड परत सुईवर पडला.

संजीवनीचा पाय होता तिथंच थांबला. सॉरी?

बारामतीच्या एमआयडीसीतल्या त्या पत्र्याच्या शेडमधून लहान पोरांचे शर्ट परदेशात जायचे. मशीन बिघडलं तर बाईला बोलणी, कापड तिरकं कापून आलं तर बाईला बोलणी, लाईट गेली तरी बाईलाच बोलणी. भिंतीवर निळ्या अक्षरांत हातभर लिहिलं होतं – 'आपण सगळे एक कुटुंब'. ज्यानं ते लिहून घेतलं त्याच्या घरात पाणी प्यायला हात वर करून विचारावं लागत असेल, तर मग बरोबरच लिहिलंय म्हणायचं. असल्या त्या शेडमध्ये मशीनवरच्या बाईला कुणी सॉरी म्हणाल्याचं संजीवनीनं चार वर्षांत ऐकलं नव्हतं.

तिनं वळून बघितलं. उंच, काटकुळा पोरगा. एक बाही कोपरापर्यंत दुमडलेली, दुसरी अर्ध्यातच सोडलेली. गळ्यात दोरीला लटकलेलं घड्याळ, हातात पॅड. आणि कान लालभडक... जणू उजेड अडवला म्हणून त्यालाच कुणी रागावलं होतं.

"मी अविराज. टाइम स्टडीला आलोय. एक कॉलर लावायला किती वेळ लागतो, तेवढंच मोजायचंय. तुम्ही तुमचं चालू द्या. मी इथं नाहीच असं समजा."

नाहीच असं समजा म्हणे! संजीवनीनं शर्टाचा गळा उचलला, कॉलर त्यावर बसवली, मधली खूण जुळवली, आणि सुई पळाली. नुसती सुई नाही, तीसुद्धा पळाली. कापड हातातून पाण्यासारखं वळत गेलं. दोरा कापला, शर्ट पलीकडं टाकला, तेव्हा मागून 'टक' आवाज आला.

"एकतीस..." तो पुटपुटला. "बापरे. परत एकदा?"

परत एकदा. आणि परत एकदा. चौथ्या कॉलरीला तो हळूच म्हणाला, "फार सुंदर हात आहे तुमचा... म्हणजे, कामाला." कान आणखी लाल झाले आणि तो पॅड छातीशी धरून निघून गेला.

तो गेल्यावर संजीवनीला भान आलं. आपण हे काय करून बसलो?

कॉलरीच्या रांगेत बारा मशिनी होत्या आणि बारा जणींचा एक कायदा होता. तो कुठं लिहिलेला नव्हता, पण पहिल्याच दिवशी शिकवला जायचा. संजीवनीला तो झुंबरमावशींनी शिकवला होता. मावशी रांगेतल्या सगळ्यात जुन्या, पन्नाशीच्या, जाड चष्म्याच्या. म्हणाल्या होत्या, "पोरी, घड्याळवाला आला की हात जड करायचा. दोरा काढ, कापड झटक, नाक पूस. तू जेवढी पळशील तेवढंच तुला रोज पळवत्यात हे. आन् तुला एकटीला न्हाय, मागं आमालाबी."

ही लबाडी नव्हती. ही त्या बायकांची रजा होती, दवाखाना होता आणि दोन घोट पाणी होतं. चाळीस सेकंदांची कॉलर दाखवली म्हणून तासाला नव्वदचं टार्गेट होतं, आणि नव्वदात माणूस जगत होता.

आणि संजीवनीनं एका 'सॉरी'वर एकतीस सेकंद देऊन टाकले होते.

*

एकतीस हा रोजचा वेळ नव्हे, हे तिनं त्याला सांगायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी दहाच्या चहाला तो पिंपळाखाली तिच्यासमोरच उभा होता, तेव्हा तर नक्कीच. पण सांगायला जावं तर तो विचारणार – मग का पळालात? आणि त्याचं उत्तर काय द्यायचं? उत्तर तर तिनं स्वतःलाही दिलं नव्हतं.

म्हणून तिनं भलतंच विचारलं. "तुमचं घड्याळ चहाबी मोजतं का?"

"मोजतं ना. कप हातात घेऊन दोन मिनिटं झाली तुम्हाला. अजून एक घोट नाही घेतला."

"गरम हाय."

"नाही. मी बघतोय म्हणून."

"लय शहाणे! इंदापूरची सगळीच माणसं अशी आगाऊ असत्यात का?"

"मी एकटाच. बाकीची सरळ आहेत." तो हसला. "मी इंदापूरचा हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

संजीवनीनं पटकन चहा तोंडाला लावला. जीभ पोळली. आता काय सांगणार, की गेटवरच्या वॉचमनला सहज म्हणून विचारलं होतं? जळोचीत खोली घेऊन एकटा राहतो आणि वांग्याची भाजी करपवतो, हेसुद्धा तिला ठाऊक होतं.

मग रोज दहाचा चहा आला. कंपनीच्या हिशेबानं दहा मिनिटं, रांगेतून बाहेर पडून परत आत जाईपर्यंत सहा. तेवढ्यात किती बोलणार? तरी झालं. एकदा तो म्हणाला, "कॉलरीचा कोपरा वळवताना तुम्ही डावी करंगळी उचलता. का?"

"उचलते व्हय? मला न्हाय ठाऊक."

"दर वेळी उचलता. मी लिहायला गेलो तर माझ्या कागदात त्याला रकानाच नाही."

त्या दिवशी भवानीनगरपर्यंत कंपनीच्या बसमध्ये ती स्वतःची करंगळी बघत बसली. रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग, कारखान्याच्या मळीचा गोड-आंबट वास खिडकीतून आत येत होता. रोजचाच वास. पण त्या दिवशी तो नाकात बसून राहिला आणि तिला उगीचच कुठंतरी लांब जावंसं वाटलं... कुठं, ते कळेना. घरी आई म्हणाली, "जेवणात ध्यान न्हाय तुजं." खरंच नव्हतं. काहीतरी छान होतंय आणि काहीतरी वाईट होणार आहे, ही दोन्ही एकाच पोटात कशी मावायची?

वाईट सोमवारी झालं.

रांगेच्या तोंडाशी टांगलेल्या फळ्यावरचा नव्वदचा आकडा पुसलेला होता. तिथं लिहिलं होतं – ११६.

*

"एकशे सोळा?" झुंबरमावशींनी चष्मा पुसून परत वाचलं. "आगं, ह्यो काय गाडीचा नंबर हाय का?"

कुणी हसलं नाही.

पहिल्या दिवशी सगळ्यांनी करून बघितलं. एकशे सोळा एकीलाही जमलं नाही. दुसऱ्या दिवशी बायकांनी पाण्याच्या बाटल्या घरीच ठेवल्या. पाणी प्यायलं की बाथरूमला जावं लागतं, आणि बाथरूमला गेलं की सहा कॉलरी मागं. तिसऱ्या दिवशी मॅनेजर मानसिंग सरांनी नवी शक्कल काढली. जिचा आकडा कमी, तिच्या मशीनवर लाल झेंडा. लहान पोरांच्या गाडीवर लावतात तसला, चिमुकला. दुपारपर्यंत मावशींच्या मशीनवर तो लागला, तो निघालाच नाही.

"सजवलं मला," मावशी म्हणाल्या. "आता वाजंत्री तेवढी बोलवा."

पण जेवताना त्यांचा डबा उघडा राहिला आणि भाकरी वाळली.

मग बायकांनी शोधायला सुरुवात केली. कुणीतरी हात जड केला नव्हता. कुणीतरी कायदा मोडला होता. कोण? संशय गेला प्रतिक्षावर. चार महिन्यांपूर्वी लग्न होऊन आलेली, रांगेत सगळ्यात नवी, पटकन हो म्हणणारी. कुणी तिच्याशी भांडलं नाही. नुसतं जेवणाला तिच्या शेजारी बसायचं बंद केलं. प्रतिक्षा एकटी भिंतीकडं तोंड करून खायची, आणि संजीवनी चार हातांवर बसून ते बघायची. बोलावं... आत्ता बोलावं... पण तोंड उघडायचं नाही.

शनिवारी 'एंगेजमेंट डे' होता. एचआरच्या निकिता मॅडम केक घेऊन आल्या. बाई तशी वाईट नव्हती. तिला वरून केक आणायला सांगितला की ती केक आणायची. तिनं सगळ्यांना कागद वाटले – 'मला माझ्या कामातून आनंद मिळतो. एक ते पाच गुण द्या.' मानसिंग सर रांगेतून फिरत होते. बारा जणींनी पाचाला गोल केला. घशाला कोरड पडलेल्या बायकांच्या तोंडात केक कोंबून त्यांचे फोटो काढले गेले, आणि लगेच सरांनी झुंबरमावशींना सांगितलं, "सोमवारी ऑफिसात ये. तुझं बघायचंय."

मावशी केक चावायच्या थांबल्या. एकोणीस वर्षांच्या नोकरीचं 'बघायचंय' म्हणजे काय, हे न कळायला त्या काही दूधखुळ्या नव्हत्या.

*

संध्याकाळी संजीवनीनं त्याला गेटबाहेर गाठलं. बसला दहा मिनिटं होती.

"झालं समाधान?"

अविराज दचकला. आठवडाभर तो चहाला आला नव्हता. डोळ्यांखाली काळं आलं होतं. "संजीवनी..."

"बाया पाणी प्यायच्या थांबल्यात. ठाऊक हाय? मावशीला काढायला निघालेत. कुठनं आणलं ओ तुमी त्ये एकशे सोळा?"

"तुमच्याच हातातून!" तोही तापला. "एकतीस सेकंद. चार वेळा. मी डोळ्यांनी बघितलंय. मग काय खोटं लिहू?"

"विचारलं का कधी, मी का पळाले ते?"

"का पळालात?"

रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर धडधडत गेला. तो जाईपर्यंत दोघंही तशीच उभी राहिली, एकमेकांकडं बघत, रागानं... आणि नुसत्या रागानं नाही.

मग तोच खाली बघत म्हणाला, "एकशे सोळा मी लिहिलेलं नाही. हात थकतो, दोरा तुटतो, माणूस पाणी पितं. त्याचा वेळ वर धरायचा असतो. नियमच आहे तो. मी धरला होता. सरांनी त्यावर काट मारली. म्हणाले, पाणी घरून पिऊन यायचं."

"मग तुमी काय म्हणालात?"

त्यानं गळ्यातल्या घड्याळाची दोरी बोटाला गुंडाळली.

"काय म्हणालात?"

"काही नाही. मी अजून कच्च्या नोकरीवर आहे. अकरा दिवस राहिलेत पक्कं व्हायला."

"म्हंजी तुमाला सगळं ठाऊक होतं. आन् गप बसलात."

"हो."

संजीवनीला त्याच्यावर ओरडायचं होतं. पण भिंतीकडं तोंड करून जेवणारी प्रतिक्षा तिच्या डोळ्यांपुढं आली. कोणत्या तोंडानं ओरडणार? अकरा दिवसांसाठी तो गप्प होता. ती तर नुसत्या लाजेपायी गप्प होती.

बसनं हॉर्न दिला.

रविवार सरता सरेना. तिनं दोनदा अंगण झाडलं. बापानं – आबा साखर कारखान्यात वजनकाट्यावर कामाला होते – विचारलं, "काय गं, पाय का भाजतोय तुजा?" ती म्हणाली, "काय न्हाय." आणि तिसऱ्यांदा झाडू उचलला.

*

सोमवारी आठला रोजची उभी मीटिंग. बाराजणी आपापल्या चालू मशीनशेजारी रांगेत, समोर मानसिंग सर, बाजूला पॅड धरून अविराज. सरांनी सुरुवातच केली, "ए झुंबर, तू हिथं थांबू नको. ऑफिसात जा, कागद तयार हाय."

मावशींनी पदर खोचला. पाऊल उचललं.

"थांबा मावशी."

आवाज कुणाचा ते आधी संजीवनीलाच कळलं नाही. मग सगळे आपल्याकडंच बघतायत म्हटल्यावर कळलं.

"त्यो एकतीस सेकंदाचा टाइम माजा हाय. प्रतिक्षाचा न्हाय. माजा."

प्रतिक्षानं तोंडावर हात धरला. बायकांच्या रांगेतून काहीतरी सरसरत गेलं. मानसिंग सर मात्र खूश झाले.

"अरे शाबास! बघा, हिच्याकडनं शिका जरा! ह्या महिन्याचा फोटो हिचा लावा भिंतीवर."

"फोटो नको. त्यो टाइम खोटा हाय, सर. तसं म्या रोज शिवत न्हाय. कुनीच न्हाय शिवू शकत. त्या चार कॉलरी झाल्यावर पंधरा मिनिटं माजी बोटं वळत नव्हती."

"मग चार तरी कशाला शिवल्या?"

आता मागं फिरायचं असेल तर हीच वेळ होती. तिनं अविराजकडं बघितलं.

"ह्ये सर मला सॉरी म्हणाले, म्हणून."

कुणीतरी फिसकन हसलं. मग दुसरी. पण संजीवनी थांबली नाही. "हसा. चार वर्षांत हितं मला कुनी सॉरी म्हणालं न्हवतं. म्हणाले आन् मला वाटलं, ह्या माणसाला आपलं काम बघू द्यावं... चांगलं. एवढंच. मन गेलं म्हणून हात पळाला, सर. तुमी त्याचं टार्गेट केलं."

हसू विझलं. झुंबरमावशी संजीवनीकडं बघत होत्या, आणि त्यांचा चेहरा रागावलेला की भरून आलेला, ते जाड काचांमागं कळत नव्हतं.

"नाटक पुरे झालं," मानसिंग सर म्हणाले. "चला मशीनवर."

"नाटक नाही, सर."

आता अविराज बोलला. "एका माणसाच्या चार कॉलरींवरून टार्गेट काढत नाहीत. ती चूक माझी. मला मोह झाला, आकडा फार देखणा होता. आणि ज्या वेळेवर तुम्ही काट मारली तो माझा कागद माझ्यापाशी आहे. माल घ्यायला येणाऱ्या पार्टीचे लोक परवा तपासणीला येतायत. त्यांनी विचारलं तर मी हाच दाखवणार. अख्खा दिवस मोजू द्या. बाराजणींचा. पाण्यासकट, बाथरूमसकट."

"तू कच्चा हायस अजून, ध्यानात हाय ना?"

"हाय की!" इंदापूर बाहेर पडलं. "म्हणूनच आठवडाभर श्यान खाल्लं न्हवं का!"

सरांनी तोंड उघडलं, पण त्याआधी 'खट्' आवाज झाला. झुंबरमावशींनी आपल्या मशीनचं बटण बंद केलं होतं. मग प्रतिक्षानं. मग एकेक करत सगळ्यांनी. मोटारींची घरघर उतरत उतरत संपली आणि पत्र्यावर पारवे घुमतायत ते ऐकू आलं. रोजच घुमत असणार. आजपर्यंत कुणाला ऐकू आलं नव्हतं.

बाराजणी आपापल्या मशीनशी उभ्या राहिल्या. कुणी घोषणा दिली नाही, कुणी रडलं नाही. एक मिनिट गेलं, दोन गेली. कॉलर नाही तर पुढच्या रांगेला काम नाही, आणि पुढच्या रांगेनं मान वळवून बघायला सुरुवात केली होती. दर मिनिटाला किती शर्ट बुडतायत हे त्या शेडमध्ये एकाच माणसाला तोंडपाठ होतं, आणि त्याच्याच कपाळावर घाम आला.

सातव्या मिनिटाला मानसिंग सर म्हणाले, "उद्या मोज. काय मोजायचं ते मोज."

"मावशींचा कागद?" संजीवनीनं विचारलं.

"राहू दे तो."

*

अविराजनं अख्खा मंगळवार मोजला. आठ ते साडेचार. बायकांनी हात जड केला नाही आणि पळवलाही नाही. झुंबरमावशींनीच सांगितलं होतं, "आज खरं शिवा गं पोरींनो. बघू तरी, खरं किती व्हतं ते." तहान लागली की पाणी प्यायल्या आणि तेही मोजलं गेलं. आकडा आला पंच्याण्णव. गुरुवारी फळ्यावर पंच्याण्णव लागलं. झेंडे गेले. प्रतिक्षाच्या डब्यात त्या दुपारी सात जणींनी भाजी वाढली.

संजीवनीशी मावशी दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "माज्या पोटावर पाय दिलास तू, आन् तूच उचललास. म्हून वाचलीस." मग डोळा बारीक करून, "पोरगं बरं हाय. पन लय वाळलंय."

शनिवारी पोराला पत्र मिळालं. 'आपली सेवा पुढे चालू ठेवता येत नाही.' अकरातले चार दिवस शिल्लक होते.

साडेचारला तो गेटबाहेर उभा होता. खांद्यावर बॅग. कंपनीची बस भरत होती. संजीवनी तिच्याकडं न जाता त्याच्याकडं गेली. खिडक्यांमधून दहा तोंडं बाहेर आली आणि मावशींनी ती हातानं आत ढकलली.

"कुठं निघालात?"

"इंदापूरला. घरी. एका द्राक्षाच्या पॅकहाऊसमध्ये बोलावलंय, बघतो. मिळेल, न मिळेल."

"मी बोलले नसते तर ऱ्हायली असती तुमची नोकरी."

"राहिली असती. आणि मी रोज तुमच्या मागं उभा राहिलो असतो, तुमच्याकडं बघायची लाज वाटत." तो जरा थांबला. "संजीवनी, त्या दिवशी... मन गेलं म्हणालात. सगळ्यांसमोर. मानसिंगला गप्प करायला म्हणालात, का...?"

"तुमाला काय वाटतं?"

"मला काय वाटतं त्यावर भरवसा नाही. एकदा चुकलोय मी."

ती हसली. मग हसू गेलं आणि डोळे भरले, आणि त्याचाच तिला राग आला. बस हॉर्न देऊन निघून गेली. जाऊ दे.

"स्टँडपर्यंत चालत जायाचं," ती म्हणाली. "तुमी इंदापूरची एसटी धरा, मी भवानीनगरची. वाटंत एकच ठरवायचं हाय."

"काय?"

"घरी आज सांगनार हाय मी. आबा पयलं इचारत्यात, पोरगा काय करतो. काय सांगू?"

अविराजनं बॅग एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली. कान लाल झाले.

"खरं सांगा. बेकार आहे म्हणून."

"त्ये तर सांगनारच," संजीवनी म्हणाली आणि रस्त्याला लागली. "म्हणीन, आबा, बेकार हाय. आन् मला पायजे."